डागी माल

अंबड तालुक्यात गोदाकाठच्या एका गावात दोन भाऊ होते. थोरल्याला सगळं गाव तात्या म्हणायचं आणि धाकट्याला अण्णा. सातबारा एक, विहीर एक, मोसंबीची बाग एक; चुली तेवढ्या दोन. कामाची वाटणी कधी कुणी बसून केली नव्हती, पण ती पक्की होती. बोलायचं काम तात्यांकडे, राबायचं अण्णाकडे. यात भांडण नव्हतं. तात्यांना चारचौघांत बोलता यायचं, बँकेच्या साहेबापुढे खुर्ची ओढून बसता यायचं. अण्णाला ते जमत नसे, आणि जमावं असंही त्याला कधी वाटलं नाही.

बाग लावली तेव्हाची सगळी झाडं न्युसेलर जातीची, रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली, सहा बाय सहा मीटरवर. त्या अंतराने एकरी एकशे दहाच्या आसपास झाडं बसतात. पाच एकरांत साडेपाचशे. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला, विहिरीने तळ दाखवला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जागी वाळू लागल्या. कितीतरी जणांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड लावली. या दोघांनी टँकर लावला. टँकरच्या पाण्यात सगळी झाडं जगणार नव्हती, निम्मी जगली असती. कोणती निम्मी, हे ठरवायची वेळ आली तेव्हा तात्या म्हणाले, "रस्त्याकडची ठेवू. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात."

अण्णाने काही उत्तर दिलं नाही. तो चुन्याचं घमेलं घेऊन निघाला आणि जिथे माती खोल होती त्या झाडांच्या बुंध्यांवर पट्टे ओढत गेला. बाकीची सोडली. रात्री दोन-दोन वाजता टँकर यायचा, नळी धरून अण्णा एकेका आळ्यापाशी उभा राहायचा. पुढे पाऊस पडला, पट्ट्याची झाडं फुटली. पेपरात फोटो आला तो तात्यांचा, हिरव्या झाडाला टेकून उभे असलेले. बातमी खरीच होती. सोडलेल्या अडीचशे-पावणेतीनशे झाडांचं सरपण त्या वर्षी दोन्ही चुलींना पुरलं, एवढं तिच्यात आलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी तात्यांचे जावई जर्मनीहून आले. ते स्टुटगार्टला नोकरीला. तिथून ऱ्हाइन ओलांडली की फ्रान्सचा आल्सास प्रांत लागतो. तिथली एक बाटली त्यांनी सासऱ्यांसाठी आणली. तात्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी चुकवायची नाही. जावयाने दारू आणली म्हटल्यावर घरात क्षणभर कुणाला काही बोलवेना. पण जावई म्हणाले, "मामा, ही प्यायची नाही, बघायची."

बाटलीत पाण्यासारखी नितळ ब्रँडी, आणि तिच्यात आख्खं पेअर. देठासकट, कुठे चीर नाही, दाबल्याची खूण नाही. आणि बाटलीचं तोंड एवढं अरुंद की त्यातून अंगठाही आत जाणार नाही.

टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात बाटली बसली आणि आठवडाभर तात्यांच्या ओट्यावर तोच एक विषय. एक म्हणाला, बूड कापून फळ घातलं आणि परत जोडलं. दुसऱ्याने बुडावरून नखं फिरवून ते खोडून काढलं. तिसऱ्याचं म्हणणं, फळ वाळवून घातलं आणि दारूत ते फुगलं. माजी सरपंचांनी तर हे प्लास्टिकचं फळ आहे असा निकालच दिला. शेवटी जावयांनी उलगडा केला. वसंतात पेअरचा मोहोर गळाला, की नखाएवढं फळ धरलेली काडी बाटलीच्या तोंडातून आत सरकवायची आणि बाटली फांदीला बांधून टाकायची. फळ आतच मोठं होतं. उन्हाळा संपता संपता देठ कापायचा, बाटली आतून धुवायची आणि वरून ब्रँडी भरायची. आल्सासमध्ये, स्वित्झर्लंडमध्ये, ऑस्ट्रियात हे चालतं. फ्रेंच लोक त्या फळाला कैदी म्हणतात.

ओट्यावर वाहवा झाली. अण्णा जोत्याच्या कडेला बसला होता. त्याने विचारलं, "जावईबापू, फळ झाडाचं. पर ती दारू कशाची?"

"पेअरचीच. विल्यम्स नावाची जात आहे, तिचा लगदा आंबवून तांब्याच्या भट्टीत गाळतात."

"याच पेअरची?"

"छे, याची कशी असेल? बाकीच्यांची. एका बाटलीला दहा किलोच्या वर लागतात म्हणतात."

"म्हंजे एक बाटलीत अन् दहा किलो भट्टीत," अण्णा म्हणाला आणि मोटार चालू करायला उठून गेला. लाईट आली होती.

तात्यांच्या डोक्यात मात्र बाटली शिरली. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, 'जालना सोने का पालना' ही म्हण त्यांच्या तोंडात कायमची. मग जालन्याची मोसंबी बाटलीत का नको? त्यांनी लगेच कामाला सुरुवात केली. मोसंबी पेअरपेक्षा गोल आणि घेराने मोठी, साध्या बाटलीत ती मावत नाही. म्हणून पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद अशा बाटल्या शोधत माळकरी तात्या अंबड-जालना रस्त्यावरच्या ढाब्यांच्या मागे आणि भंगारवाल्यांकडे फिरले. ओळखीच्या माणसाने हटकलं की सांगायचे, "शेतीच्या प्रयोगाला आहेत हो." चाळीस बाटल्या जमल्या.

पहिल्या वर्षी त्यांनी आंबे बहराची फळं धरली. फेब्रुवारीत फुलं, मार्चमध्ये वाटाण्याएवढी फळं, तेव्हाच बाटल्या बांधल्या. एप्रिल उजाडला आणि मराठवाड्याचं ऊन तापलं. बाहेर बेचाळीस अंश, मग बंद काचेच्या आत किती असतील ते मोजायला कुणी गेलं नाही. फळं आतल्या आत शिजून तपकिरी झाली. मेअखेर चाळीसही बाटल्या रिकाम्या.

अण्णा म्हणाला, "तात्या, मृगाचं धरा."

ही खरी मेख होती, आणि ती सांगायला आल्सासचा माणूस उपयोगाचा नव्हता. एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा, मृगाच्या पावसावर ताण मोडायचा, म्हणजे जून-जुलैत फुलं येतात आणि फळ पावसाळा-हिवाळ्यात वाढून फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाचा कडाका सुरू व्हायच्या आत तयार होतं. तसंच केलं. बोराएवढी फळं झाली तेव्हा बाटल्या चढवल्या. काडीवरची आत जाणारी पानं खुडायची आणि बाहेरची राखायची, कारण आतल्या फळाला पोसणार ती बाहेरचीच पानं. बाटली झाडाच्या पोटात, सावलीला, दोन ठिकाणी सुतळीने बांधायची. तोंड किंचित खाली, म्हणजे आत धरलेला घाम निथळून जातो. तोंडाला मलमलचं फडकं गुंडाळायचं, नाहीतर मुंग्या.

एवढं सगळं करूनही मोसंबीची फळगळ कुणाला चुकली आहे? पंधरा-सोळा फळं महिन्याभरात आपोआप गळाली. काहींना पावसाळी ओलीने बुरशी चढली. दोन बाटल्या वाऱ्याने खाली आल्या. एकीत गांधीलमाश्यांनी घर केलं, ती काढायला कुणी धजेना. रोज सकाळी बाटल्यांची फेरी करायची ती अण्णाची बायको. फडकं सोडायची, आत पडलेलं पान चिमट्याने काढायची, वाळलेलं फडकं परत बांधायची. तात्या त्या दिवसांत बहुतेक बाहेर असत. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात, तालुक्याच्या बैठकीत, कुठे सत्काराला. बाटल्यांची गोष्ट ते सगळीकडे सांगत, आणि फार छान सांगत.

मार्चमध्ये पाच बाटल्या उरल्या. आतली फळं पिवळसर, रसदार, काचेला टेकलेल्या अंगाने जराशी चपटी.

आता भरायचं काय? तात्यांच्या पुतण्याने सुचवलं, मोसंबीची दारू गाळू. गोव्यात काजूच्या बोंडांची फेणी गाळतातच की. पोलीस पाटील तिथेच बसले होते. त्यांनी सांगितलं की महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी भट्टी लावणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात माळकऱ्याच्या घरी धाड पडली तर बातमी पहिल्या पानावर येईल. तो विषय मिटला.

पहिल्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरलं. फळ आठवड्यात नासलं. दुसरीत मिठाचं पाणी. फळ टिकलं, पण साल पांढरी फटक पडली आणि बाटली लोणच्याची दिसू लागली. तिसरीत तात्यांनी साखरेचा घट्ट पाक एकदम ओतला. दोन दिवसांत मोसंबी वाळवणातल्या आवळ्यासारखी आक्रसून बसली. उरल्या दोन.

तेव्हा अण्णाच्या बायकोने दोन्ही बाटल्या आपल्या चुलीपाशी नेल्या. मुरंबा तिला आईकडून आलेला. सायकलच्या चाकाची तार घासून टोकदार केली, गरम पाण्यात बुडवली आणि बाटलीच्या तोंडातून आत घालून फळाला सगळीकडून टोचे दिले. असे टोचे दिले की पाक आत जातो. मग परड्यात वेगळा पडलेला डागी माल आणला. डागी म्हणजे कोळ्याने साल खरवडलेली, ज्याला तिकडे मंगू म्हणतात ती फळं. गारेचा ठिपका पडलेली. आकाराने बारीक राहिलेली. व्यापारी ती हातानेच बाजूला सारतो. तात्या नेहमी म्हणायचे, "तो माल दाखवू पण नका, भाव पडतो." साल कशीही असली तरी आतला रस तोच. तिने ती फळं पिळली, रस गाळला, फार न उकळता साखर विरघळवली, कारण मोसंबीचा रस जास्त तापला की कडू होतो. पहिल्या दिवशी पातळ पाक. दुसऱ्या दिवशी तो ओतून काढून थोडा घट्ट. तिसऱ्या दिवशी आणखी घट्ट. फळाला कळू न देता साखर चढवायची, असं तिचं त्यावरचं म्हणणं.

मध्येच एका बाटलीत बारीक बुडबुडे यायला लागले आणि आंबूस वास सुटला. पातळ पाक आणि मार्चची उष्णता. रस आपल्या वाटेने दारू व्हायला निघाला होता. पोलीस पाटलांना ही गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही. ती बाटली फेकावी लागली.

एक उरली. तिचा पाक पुरता घट्ट होईपर्यंत सहा किलो डागी मोसंबी पिळून झाली होती.

पुढच्या फेब्रुवारीत जालन्यात कृषी प्रदर्शन भरलं, तात्या बाटली घेऊन गेले. मखमलीवर बाटली, मागे दिवा, समोर पाटी आणि पाटीवर तात्यांचं नाव. गर्दी हटेना. फळ आत गेलं कसं, हा एकच प्रश्न हजार तोंडांनी आला आणि तात्यांनी तो प्रत्येक वेळी नव्या उत्साहाने सोडवून दाखवला. बाटलीतलं ते सोनेरी पाणी कशाचं आहे, हे दोन दिवसांत कुणी विचारलं नाही. पहिलं बक्षीस, शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. अण्णा गेला नव्हता. त्या दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी होती.

मग घरी पाहुण्यांची रीघ लागली. तात्या दिलदार. आलेल्याला नुसतं बघून कसं जाऊ द्यायचं? लांब दांड्याच्या चमच्याने बाटलीतला पाक काढून तळहातावर चाखायला द्यायचे. "मोसंबीचा अर्क आहे, घ्या." आमदारांचे कार्यकर्ते आले, शाळेची सहल आली, व्याही आले. पेअरच्या बाटलीचंही तेच झालं. माळ नसलेले काही पाहुणे तात्या आत गेल्यावर तिचं बूच उघडत, हे तात्यांना माहीत होतं, पण पाहुण्याला काय बोलणार.

जूनमध्ये एक दिवस तात्यांनी कपाट उघडलं तर पेअरचं डोकं ब्रँडीच्या वर आलेलं, काळपट. शेजारच्या मोसंबीचा वरचा चतकोर उघडा पडलेला आणि त्यावर पांढरी-हिरवी बुरशी. बुडालेला भाग अजून झकास होता. मखमलीवर ठेवायला आता त्याचा उपयोग नव्हता.

जावयांना फोन लावला. ते म्हणाले, "मामा, फळ कायम बुडालेलं पाहिजे. काढलं तेवढं वरून भरत राहायचं. फळ बाटलीमुळे टिकत नाही, भोवतालच्या द्रवामुळे टिकतं."

तात्या तसेच अण्णाच्या दारात गेले. "अण्णा, थोडा रस लागतो."

"आता रस कुठला? मृगाचा माल एप्रिलमधीच गेला. आंब्याचा यायला सप्टेंबर."

"डागी असेल ना पडलेला?"

"डागी रसाच्या गाडीवाल्यानं नेला, दोन रुपये किलोनं. तुम्हीच म्हनले व्हते, दारात ठेवू नका."

तात्या उभेच राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "किती गेली होती रं त्या बाटलीत?"

"म्या न्हाई मोजली." अण्णाने आत बघितलं. आतून उत्तर आलं, "सहा किलो." आणि मागोमाग ती बरणी घेऊन बाहेर आली. बाटलीतून दर दिवशी काढलेला पाक तिने टाकला नव्हता. वेगळा आटवून मुलांच्या सरबताला ठेवला होता. फळाचा बुरशी लागलेला भाग तारेने खरवडून काढला, बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली, बरणीतला पाक ऊन करून गळ्यापर्यंत भरला. मुलांचं सरबत त्या उन्हाळ्यापुरतं संपलं. फळ वाचलं, एका बाजूने खडबडीत होऊन.

तात्या त्या संध्याकाळी बागेत गेले. बागेत ते जात नसत असं नाही, पण पाहुणा बरोबर असला की जायचे. त्या दिवशी एकटे गेले आणि चुन्याचे जुने पट्टे अजून दिसतात का ते बघत फिरले, असं सालगडी सांगतो. पट्टे कधीच धुऊन गेले होते.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत पुन्हा प्रदर्शन. तात्यांनी अण्णाला आणि त्याच्या बायकोला सोबत चलाच म्हणून गळ घातली. पाळी होती, तरी अण्णाने ती शेजाऱ्याशी बदलून घेतली. मखमलीवर तीच खडबडीत मोसंबीची बाटली, आणि तिच्या शेजारी वेताची पाटी भरून सहा किलो डागी माल: मंगूचा, गारेचा, बारीक. समोरच्या फलकावर तीन नावं. कुणी विचारलं, फळ आत गेलं कसं, की तात्या म्हणत, "ते सोपं आहे, जर्मनीचे जावई सांगतील. ते टिकलं कसं, हे यांना विचारा," आणि अण्णाच्या बायकोकडे बोट करत. ती पहिल्यांदा पदर सावरत गप्प राहिली. दुपारपर्यंत तारेने टोचे कसे द्यायचे हे बायकांच्या घोळक्याला करून दाखवत होती.

परीक्षक आले. बाटली त्यांना आठवत होती. त्यांनी फलकावर नजर टाकली, मग पाटीकडे बघून नाक मुरडलं. सोबतचा संयोजक हळूच म्हणाला, "तात्या, ती पाटी टेबलाखाली सरकवा. डागी मालाने स्टॉलचा उठाव जातो. मग बघू आपण."

"पाटी जिथे आहे तिथेच राहील," तात्या म्हणाले.

"नियमात बसत नाही हो. नमुना एक नंबरचा लागतो."

तात्यांनी वाद घातला नाही. जन्मात पहिल्यांदाच असेल. त्यांनी बाटली उचलून भावजयीच्या हातात दिली, पाटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि फाटकापाशी लावलेल्या जीपकडे निघाले. अण्णाने मखमलीची घडी करून काखेत मारली. वाटेत रसाच्या गाडीवाल्याने डागी मालाचा भाव विचारला. तात्यांनी दहा रुपये किलो सांगितला आणि आठवर सौदा केला.

त्या वर्षीचं पहिलं बक्षीस अकरा किलोच्या एका टरबुजाला मिळालं.